दिगंबरचं मौन

“म्हणजे उद्या चौकशीला जाऊ नको, असंच ना महाराज?”

गोविंदगिरी महाराजांनी तळहातावर आणखी तेल घेतलं. ते मठाच्या ओसरीवर गुडघे चोळत बसले होते.

दिगंबरनं थोडी वाट पाहिली. वाट पाहणं त्याला छान जमायचं. तालुक्याच्या दूध संघात तो हिशेबनीस होता, आणि अख्ख्या कचेरीत त्याच्याइतका शांत माणूस दुसरा नव्हता. लोक त्याला ‘मौनीबुवा’ म्हणायचे. ते चेष्टेनं म्हणायचे. दिगंबरला ती पदवी वाटायची.

“इनामके साहेब मला सहा वर्षं वाट्टेल ते बोलतात,” तो म्हणाला. “बैल म्हणतात, मुडदा म्हणतात. भर मीटिंगमध्ये फाईल तोंडावर फेकतात. मी एकदाही उलट बोललो नाही. तुम्ही मौन दिलंत, ते पाळलं.”

“सहा वर्षं?”

“मौनाला बारा झाली. साहेबांना सहा.”

“आणि तुला काही वाटत नाही?”

“काहीच नाही. शब्द म्हणजे वारा. या कानावरून त्या कानावर.”

महाराजांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. “वा!” ते म्हणाले.

दिगंबर सुखावला. शाबासकीसाठी दोन एसट्या बदलून आलेला माणूस, त्याला एवढं पुरे होतं.

“मग चौकशी कुणाची आहे?”

“साहेबांचीच. चैताली नावाची मुलगी आहे, दूध तपासायला नवीन लागलीय. अजून कायम झालेली नाही. साहेब तिला रोज बोलतात. तिनं वर तक्रार केली आणि साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. माझं टेबल तिच्या शेजारी आहे ना.”

“बाकी कुणी साक्ष देणार?”

“छे! सगळे म्हणतात, आम्ही काही ऐकलं नाही.”

“तू ऐकलंस?”

“...ऐकलं.”

“कुणीच काही बोललं नाही, तर त्या पोरीचं काय होईल?”

“तक्रार खोटी ठरेल. मग... घरी पाठवतील तिला.” दिगंबरनं घसा साफ केला. “पण महाराज, दुसऱ्याचे दोष बोलायचे नाहीत, असं माझं व्रत आहे. आणि त्या पोरीनं तरी एवढं मनाला का लावून घ्यावं? मी नाही लावून घेत.”

“नोकरीची भीती वाटते का रे?”

“भीती नाही महाराज. वैराग्य.”

महाराजांना खोकला आला. की हसू आलं, ते दिगंबरला कळलं नाही.

“काय म्हणाला तो तिला?”

“नको महाराज. परनिंदा होईल.”

“मला ऐकायचंय.”

दिगंबरनं मागं वळून पाहिलं. पडवीत गऊआक्का सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसली होती. तीस वर्षं मठाचं स्वयंपाकघर तिच्या हातात होतं. दिगंबर पहिल्यांदा मठात आला, तेव्हा तिनंच त्याला उपाशी पाहून हाताला धरून पाटावर बसवलं होतं. तो पुढं सरकला आणि महाराजांच्या कानात कुजबुजला.

“हळू का सांगतोस? वाराच आहे ना?”

“आक्का ऐकेल.”

“असं...” महाराज म्हणाले.

मग त्यांनी समोरचा ताकाचा पेला उचलला, एक घोट घेतला आणि पेला खाली आपटला.

“गऊ!”

पडवीतलं सूप थांबलं.

“हे ताक आहे का गटाराचं पाणी? अक्कल गहाण टाकलीस का कुठं? तुझ्या बापानं तुझ्याऐवजी म्हैस पाळली असती, तर रोज चार लिटर दूध तरी मिळालं असतं!”

दिगंबरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. महाराजांचा आवाज चढलेला त्यानं बारा वर्षांत ऐकला नव्हता. आणि हे शब्द, हे तर तेच शब्द. चैतालीला म्हटलेले. कचेरी तेव्हा खो खो हसली होती.

इथं कुणी हसलं नाही.

गऊआक्का उठली. तिच्या पदरातले खडे जमिनीवर सांडले. ती सावकाश जवळ आली, पेला उचलला आणि आत बघू लागली.

“मीठ कमी पडलं का वो?” ती म्हणाली. “का लई आंबट झालं? कालचंच हाय. मला वाटलं...”

ती पेल्यात आपली चूक शोधत होती. सत्तरीची म्हातारी.

“तोंड बघ हिचं!” महाराज पुन्हा गरजले.

“महाराज!”

दिगंबर उभा होता. तो कधी उठला, ते त्याचं त्यालाच समजलं नाही.

“तोंड सांभाळा! आक्काला एक शब्द बोलायचा नाही. सांगून ठेवतो. तुम्ही गुरू असाल माझे, पण हे ऐकून घेणार नाही मी!”

मठाच्या देवळावरचे पारवे फडफडत उडाले.

...

दिगंबरनं पटकन हात जोडले. गुरूवर ओरडलो. माझ्या गुरूवर...

महाराज मात्र दोन्ही हात टेकून उठत होते. गुडघे कुरकुरले. ते चार पावलं चालले, गऊआक्कासमोर खाली बसले आणि त्यांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं.

“अवो, काय करताय! पाप लावताय मला!” ती मागं सरली.

“खोटं होतं, आक्का. याच्या साहेबाचे शब्द होते, मी नुसते म्हणून दाखवले. ताक झकास आहे.”

गऊआक्कानं पेला ठाण्णकन खाली ठेवला.

“मग माज्यावर का म्हनून दाखवलं? मला इचारलं हुतं?”

“नाही.”

“शिकवायचं ह्याला, आन् बोलनं माज्या बापाला? माजा बाप देवमानूस हुता!”

“होता. चुकलो, आक्का.”

“चुकलो म्हनं!” तिनं पदरानं डोळे पुसले. “खोटं हुतं, त्ये कळलं मला आता. पर हितं लागलंच की.” तिनं छातीवर हात ठेवला. “अजून धडधडतंय बगा.”

महाराजांनी मान खाली घातली.

दिगंबरनं तिचा हात बघितला. छातीवर घट्ट दाबलेला. शब्द म्हणजे वारा, असं आपण आत्ताच म्हणालो होतो, हे आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

आक्का त्याच्याकडं वळली. “कुणाला म्हनाला रं तुजा सायेब असं?”

“एका मुलीला.”

“केवढी हाय?”

“असेल बावीस-तेवीसची.”

“आन् तू हुतास तितं?”

“...होतो.”

“मग?”

दिगंबरनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

त्याला ती दुपार दिसली. सगळे हसत होते. चैताली हातातली दुधाची बाटली उजेडात धरून बघत होती, तपासण्यात आपली काय चूक झाली, ते बघत होती. मग तिनं हळूच शेजारच्या टेबलाकडं पाहिलं होतं.

“मी... मी डोळे मिटून घेतले, आक्का. नाम घेत बसलो.”

आक्कानं खाली सांडलेले खडे गोळा करायला घेतले.

दिगंबर खाली बसला. साहेबांनी त्याला पहिल्यांदा मुडदा म्हटलं, त्या दिवशी तो घरी जाऊन जेवला नव्हता. बायकोला म्हणाला होता, पोट बिघडलंय. ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. महाराजांनाही नाही. आत्ता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ते त्यानं पुसलं नाही.

महाराज त्याच्याजवळ येऊन बसले. बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

“महाराज, मौन तुम्हीच दिलं होतं ना?”

“दिलं होतं. तेव्हा तू सुट्ट्या पैशावरून कंडक्टरची कॉलर धरायचास.”

“मला वाटलं, जन्मभरासाठी दिलंय.”

“मला वाटलं, तू कधीतरी विचारशील.”

...

“उद्या साहेब समोर बसलेले असणार,” दिगंबर म्हणाला. “निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझी. ते मला सोडणार नाहीत.” तो थांबला. “वैराग्य नव्हतं महाराज ते. मला भीती वाटते.”

“वाटू दे. मला आत्ता आक्काची वाटत होती.”

पडवीतून आक्का म्हणाली, “वाटायलाच पायजे!”

दिगंबर रडता रडता हसला. मग पुन्हा गंभीर झाला.

“पण बारा वर्षांचं व्रत मोडलं, महाराज. आणि मोडलं ते तुमच्यावर ओरडून. याला प्रायश्चित्त काय?”

महाराजांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. पोरगा पहिल्यांदा चालला की बाप पाहतो, तसं पाहिलं. मग ते पडवीकडं वळले.

“आक्का, याला पोटभर जेवायला वाढा. उद्या याला बोलायचंय.”