शीर गेली कुठे?

"मग शीर गेली कुठे?" हिर्लेकर बाईंनी विचारलं.

"नाहीच आहे, बाई. ही धमनी बघा, कशी उडतेय. तिच्या शेजारी शीर असायला हवी. नाही."

बोलणं माझ्या दंडाबद्दल चाललं होतं, आणि मी तिथेच कॉटवर आडवा पडलो होतो.

दवाखान्यांना कापूस, सुया, जेल पुरवायचा माझा धंदा. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं डॉक्टरांच्या दारात उभं राहून शिकलो. हिर्लेकर बाई तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना खाटेपाशी उभं राहून सोनोग्राफी कशी करायची ते शिकवतात. त्या दिवशी मी जेलच्या बाटल्या पोचवायला गेलो, तर सरावाला माणूस नव्हता. बाई म्हणाल्या, "गुळवेशेठ, अर्धा तास पडा." तीस वर्षांत गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नाही. पडलो.

शिकणारा होता डॉक्टर तन्मय फडतरे. घाटमाथ्यावरच्या एका छोट्या दवाखान्यात एकटा डॉक्टर. हुशार. मशीनचं प्रत्येक बटण त्याला बाईंच्या आधी माहीत. पण महिन्यापूर्वी एक प्रकार घडला होता, आणि तेव्हापासून दवाखान्याच्या ट्रस्टींनी मशीन कुलपात ठेवलं होतं. हिर्लेकर बाईंची सही आणा, मग किल्ली.

आज त्याच्या शिकण्याचा शेवटचा दिवस होता. कागद त्याच्या खिशातून डोकावत होता.

"शेठ, पाणी कमी पिता तुम्ही," फडतरे मला म्हणाला.

"सकाळपासून चार तांबे झालेत, डॉक्टर."

"मग चरबी असेल."

"ती आहे," मी म्हटलं. "घरचं तूप."

बाई हसल्या नाहीत. "त्या पेशंटचं सांग," त्या म्हणाल्या.

फडतरेच्या हातातला प्रोब, म्हणजे मशीनचा तो दांडा, माझ्या दंडावर आणखी घट्ट बसला.

"करवंदं काढताना कड्यावरून घसरली होती. पोटात रक्तस्राव. सलाईन लावणं भाग होतं. सात वेळा टोचलं मी. मशीन लावून, बघून टोचलं. शीर नव्हतीच, बाई. आटून गेली होती."

"मग?"

"जीपमध्ये घालून खाली पाठवली."

"खाली काय झालं?"



"तिथल्या सिस्टरने लावलं सलाईन."

"कितव्यांदा?"

त्याने मशीनचं एक बटण उगाच फिरवलं.

"फडतरे?"

"पहिल्यांदा. मशीनशिवाय."

"पेशंट?"

"वाचली."

"मग शीर गेली कुठे होती?"

मला खरंच उत्सुकता वाटली. दोन तासांच्या घाटात शीर जाते कुठे आणि परत येते कुठून? मी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. करड्या धुक्यात एक काळा गोल ठेक्यात उडत होता. बाकी काही नाही. आपल्याच दंडात एवढी धामधूम चाललेली असते आणि आपल्याला पत्ता नसतो!

"शेठ, दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"दुखत नाही हो. थोडं रुततंय."

बाईंनी जेलची बाटली उचलली आणि अर्धी माझ्या दंडावर ओतली. गारेगार.

"बाई, अहो एवढं? माझा खप वाढेल, पण..."

"तुमचंच आहे, तुमच्यावरच ओततेय." मग फडतरेला म्हणाल्या, "आता बघ. पण प्रोब शेठना लागू द्यायचा नाही."

"लावल्याशिवाय दिसणार कसं?"

"जेलला लाव."

"बाई, दोन वर्षं मी हे मशीन..."

"जेलला लाव."

त्याने करंगळी माझ्या हातावर टेकवली आणि प्रोब त्या चिकट ढिगावर नुसता ठेवला. तरंगत.

पडद्यावर उडणाऱ्या गोलाच्या शेजारी एक काळी फट दिसली. ती रुंदावली. बघता बघता तिथे दुसरा गोल झाला, पहिल्यापेक्षा मोठा. झोपलेल्याने सावकाश डोळा उघडावा तसा.



फडतरेने प्रोब किंचित दाबला. डोळा मिटला. उचलला... उघडला. परत दाबला. मिटला.

मला मामांचं किराणा दुकान आठवलं. मी तिथे नवा होतो तेव्हा साखर जोखताना पारड्याला हात लावून उभा राहायचो. मामा गिऱ्हाइकासमोर काही बोलले नाहीत. त्यांनी माझा हात उचलला आणि माझ्याच खिशात घातला.

"बाई," फडतरेने प्रोब बाजूला ठेवला. "त्या दिवशी... मला घाई होती. मी जोरात..."

बाई माझा दंड पुसत होत्या. निवांत, खांद्यापासून कोपरापर्यंत.

"सातही वेळा," तो म्हणाला.

मग त्याने खिशातला कागद काढला, दोनदा दुमडला आणि टेबलावर जेलच्या बाटलीखाली ठेवला. "सही नको, बाई. पुढच्या तुकडीत मला पहिल्या दिवसापासून बसवा."

"शेठ, उठा," बाई म्हणाल्या.

मी उठलो. त्या माझ्या जागी आडव्या झाल्या आणि उजवी बाही वर सरकवली.

गेल्या वर्षी बाईंचं मोठं आजारपण झालं. कॅन्सरची कडक औषधं. त्यांच्या हाताला शीर सापडत नाही, हे आमच्या जिल्ह्यात सुया विकणाऱ्यालाही माहीत आहे. सलाईन लावायची वेळ आली की नर्सा एकमेकींना पुढे ढकलायच्या.

"आज दुपारी मला लोहाचं सलाईन घ्यायचंच आहे," बाई म्हणाल्या. "तू लाव. एकदाच टोचायचं."

"बाई, मी नको. सिस्टरना बोलावतो."

"सिस्टर जेवायला गेल्यात."

मी दाराबाहेर पाहिलं. सिस्टर समोरच उभ्या होत्या. मी दार लोटून घेतलं.

फडतरेने बाईंच्या दंडाला रबरी पट्टी बांधली. स्पिरिटचा बोळा फिरवला. जेल घेतलं, भरपूर. करंगळी टेकवली. मग बराच वेळ तो नुसता बसून राहिला. प्रोब हलत होता की नाही, मला कळेना.

पडद्यावर धुकं. धुकं. मग एका कोपऱ्यात मोहरीएवढं काहीतरी काळं उघडलं.

त्याने श्वास रोखला. मीही.

सुई गेली. तिच्या मागच्या नळीत लाल थेंब चढला.

"मिळाली!" तो ओरडला. "शेठ, बघितलंत? बाई, मिळाली! पहिल्यांदाच!" त्याचे डोळे भरून आले होते. तो एकदा पडद्याकडे बघे, एकदा माझ्याकडे, पुन्हा पडद्याकडे.

बाईंची बोटं निळी पडायला लागली होती.

"तो बाटलीखालचा कागद आण," त्या म्हणाल्या.

"पण बाई, मी म्हटलं ना, सही नको..."

"आण. आणि पट्टी सोड, फडतरे. सही मी त्याच हाताने करते."