नॉकब्रोगचा उजवा बूट

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर नॉकब्रोग नावाचं गाव आहे. तिथे घरोघरी खिडकीत एकेकच बूट ठेवलेला दिसतो, आणि तोही नेहमी उजव्या पायाचा. ते बघून मी दचकून मागे सरले. बरोबरची मावशी म्हणाली, "दुसरा कुत्र्याने पळवला असेल गं. घाबरतेस काय प्रत्येक गोष्टीला!" मी चाचरत वाटाड्या लोर्कन आजोबांना विचारलं. ते आम्हाला टेकडीवर घेऊन गेले. वर एक सपाट शिळा आहे, तिच्यात पाऊल मावेल एवढा खळगा. तिथे बसून त्यांनी सांगितलं ते असं.

या मुलुखावर पूर्वी ओकॉर्वन घराण्याची सत्ता होती. मोठ्या घरची मुलं दुसऱ्या बाईकडे वाढवायला द्यायची तेव्हाची रीत. पुढे तो मुलगा घराण्याचा प्रमुख व्हायचा, तेव्हा या शिळेवर उजवा पाय अनवाणी ठेवून उभा राही, आणि त्याला वाढवणारी ती बाई स्वतः शिवलेला बूट त्या पायात घाली. तेवढं झालं की लोक त्याला नुसतं 'ओकॉर्वन' म्हणत. त्याहून मोठा किताब कुणाला ठाऊकच नव्हता.

मग लंडनच्या राजाचा निरोप आला, म्हणे. जुनं नाव सोडा, मी तुम्हाला अर्ल, म्हणजे माझा सरदार, करतो. जमीन तुमचीच राहील, किताब बापामागून थोरल्या मुलाकडे जाईल. जमीन वाचावी म्हणून ओकॉर्वनने मान तुकवली. तेव्हा राजाने त्याचा थोरला मुलगा फेलीम आपल्या दरबारी वाढवायला मागून घेतला.

फेलीम नूला नावाच्या बाईकडे वाढत होता. गलबतावर चढताना तो तिला म्हणाला, "माझा बूट शिवून ठेव."

"कुठल्या मापाचा रे, सोन्या?"

"मोठा."

नूला दरवर्षी एक बूट शिवी. फेलीमच्या वयाच्या पोरांना धरून त्यांची पावलं मापायची आणि त्याहून बोटभर जास्त धरायची. शेजारणी चिडवत, "तुझा फेलीम माणूस आहे की घोडा?" ती म्हणे, "राजाच्या घरचं दूध पितोय तो!" तिला एकच भरवसा होता. बाप गेल्यावर त्याला इथे यावंच लागेल. शिळेवर उभा राहिल्याशिवाय ओकॉर्वन होणार कसा?

बाप वारला. नूला चरबी चोळून मऊ केलेला बूट घेऊन टेकडीवर बसू लागली. गलबतं आली, तो काही आला नाही. शेवटी एका खलाशाने सांगितलं, "अगं बाई, तो केव्हाच अर्ल झाला. बाप गेला त्याच क्षणी. त्यासाठी इथे यायला कशाला हवं?"

नूला टेकडी उतरून घरी गेली, असं सांगतात. पण पुढच्या वर्षीही तिने बूट शिवला.

पुष्कळ काळाने अर्ल आपली जमीन बघायला आला. बरोबर इंग्रज मित्र होते. नूलाची भाषा तो पार विसरला होता. शिळेपाशी एक म्हातारी बूट पुढे धरून उभी होती. मित्र हसले. तो मात्र घोड्यावरून उतरला, शिळेवर बसला आणि उजव्या पायातला बूट काढला. नूलाने पाऊल मांडीवर घेतलं. तिचा बूट इतका ढगळ झाला, की टाचेशी मूठ जाईल. वाट बघता बघता तिच्या मनात तो भलताच मोठा झाला होता.

त्याने तो काढून टाकला नाही. आपला बूट तिच्या ओटीत ठेवला आणि तिचा ढगळ बूट फरफटवत टेकडी उतरला. त्याच भरतीला त्याचं गलबत निघून गेलं. तो पुन्हा आला नाही. त्याला मुलगा झाला नाही, त्यामुळे किताबही त्याच्याबरोबर संपला. नूलाने त्याचा बूट खिडकीत ठेवला होता.

आजही नॉकब्रोगमधून कुणी ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला निघालं, की आपला उजवा बूट मागे ठेवून जातं. घरचे त्याला चरबी चोळत राहतात.

मावशीने मला हळूच ढोसलं. "विचार ना, परत आल्यावर काय करतात?"

मी विचारलं.

"काय करणार? घालतात की," लोर्कन आजोबा म्हणाले. मग ते समुद्राकडे वळले. "बसला तर."