कमी चालायचा बेत

“महाराज, आधी कपालेश्वर करावा की काळाराम?”

पाया पडून पुरतं उठायच्या आतच श्रीधररावांनी हे विचारलं. ना कसे आहात, ना काही.

महाराज आतल्या खोलीत, खिडकीतलं ऊन खात शेंगा फोडत होते.

“देवांना घाई आहे का?”

“देवांना नाही, महाराज. पायांना आहे.”

या माणसाच्या तोंडून असं काही येईल, असं मला वाटलं नव्हतं.

आमचा मठ पंचवटीत, गंगेपासून हाकेच्या अंतरावर. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. मठ तरी कसला, दोन खोल्या, एक ओटा, नव्वदीला टेकलेले महाराज आणि त्यांच्यामागे भुणभुण करत फिरणारा मी.

श्रीधरराव मुळावकर जुने शिष्य. तरुणपणी नाशकात एसटीच्या नोकरीत होते, तेव्हा त्यांनी महाराजांचा अनुग्रह घेतला. पुढं वाहतूक नियंत्रक होऊन परभणीकडं गेले. गाड्या लावायच्या, वेळा सांभाळायच्या. आपल्या हातून एकही गाडी कधी उशिरा सुटली नाही, हे ते दर भेटीत ऐकवायचे. खरं सांगू का, मला हे गृहस्थ फारसे आवडत नसत. देवापुढं हात जोडतानासुद्धा घड्याळाकडं बघायचे.

या खेपेला बरोबर त्यांच्या पत्नी होत्या, इंदूबाई. त्या ओट्यापर्यंत आल्या आणि तिथंच खांबाला टेकून बसल्या. पुढची पायरी चढायला पाय उचलेना. मी हात द्यायला गेलो तर म्हणाल्या, राहू द्या हो, इथं ऊन छान आहे.

आत श्रीधररावांनी दाराकडं पाठ केली आणि आवाज उतरवला.

दोन वर्षांपूर्वी इंदूबाईंचे पाय एकाएकी गेले होते. सकाळी चहा करायला उठल्या आणि ओट्याखालीच बसल्या. दवाखान्यात बरेच दिवस काढले. औषधांनी उभ्या राहिल्या, पण डॉक्टरांनी हातचं राखून काही सांगितलं नाही. हे टिकायचं नाही, ताकद उतरत जाणार, म्हणाले. आता तर म्हणतात, पुढच्या हिवाळ्यापर्यंत चाकाची खुर्ची.

दवाखान्याच्या बाकावर बसून श्रीधरराव नवस बोलले होते. ही उभी राहू दे, पंचवटीतल्या एकेका देवाच्या दारात हिला घेऊन येईन. खुर्चीतून नाही, कुणी उचलून नाही. हिच्या पायांनी.

“आणि उभी राहिली, महाराज…”

त्यांनी खाकरून आवाज सरळ केला आणि लगेच बेत सांगायला घेतला. तेवढं मात्र त्यांना जमतं.

आजचा दिवस आणि उद्या दुपारपर्यंत, एवढाच वेळ. रिक्षा कुठल्या देवळाच्या कुठल्या दारापर्यंत येते, कुठं पायऱ्या कमी, कुठं कठडा धरायला मिळतो, कुठं टेकायला ओटा आहे, सगळं पाठ. सीतागुंफा गाळली, कारण वाकावं लागतं. सुंदरनारायण पलीकडच्या काठाला, म्हणून तो शेवटी, परतीच्या वाटेवर. फक्त कपालेश्वर उंचावर. तो आधी केला तर ताजे पाय मिळतात, पण मग काळारामाला पाय उरतील का, एवढंच कोडं सुटत नव्हतं.

मी विचारलं, तुम्हाला हे सगळं घरी बसून कसं कळलं?

ते जरा लाजले. मग सांगितलं. मागच्या महिन्यात ते एकटेच येऊन गेले होते. सगळा रस्ता इंदूबाईंच्या चालीनं चालून बघितला होता. त्या जिथं थांबल्या असत्या तिथं थांबून, जिथं बसल्या असत्या तिथं बसून. लोक बघत होते, म्हणाले, धडधाकट माणूस असा का चालतोय म्हणून.

इथं मी वरमलो. माणसाबद्दल आपण भलतंच काही धरून बसतो.

“एवढंच चालणं उरलंय तिच्या पायांत, महाराज. वाया जाऊ द्यायचं नाही मला.”

महाराजांचे हात थांबले.

“कुणाचं चालणं?”

“हिचं.”

“आणि बेत कुणाचा?”

“माझा. पण तिला विचारलंय ना. ती म्हणाली, चालेल.”

“असं म्हणाली…”

महाराजांनी एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

“श्रीधरा, तुमच्या एसटीत विनंती थांबा असतो ना रे? तिथं गाडी कधी थांबते?”

“कुणी हात केला की.”

“आणि एखाद्याला हात करायची सवयच नसली तर?”

“मग काय… गाडी निघून जाते पुढं.”

महाराजांनी माझ्या खांद्याला धरलं. मला ओट्यावर जायचंय, चहा तिकडंच आण, म्हणाले. शेंगांची परडी काखेत. ती काही ते सोडत नाहीत.

ओट्यावर ते इंदूबाईंच्या समोर बसले आणि चहात साखर किती म्हणून विचारलं. इंदूबाई काही बोलायच्या आत श्रीधररावांनी उत्तर दिलं, कमी. महाराजांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुन्हा तेच विचारलं.

“कितीही चालेल,” इंदूबाई म्हणाल्या.

कपात हवा की पेल्यात? कशातही चालेल. उन्हाची तिरीप येत असेल तर सावलीत सरकता का? चालेल. इथंच बसता का मग? तेही चालेल.

महाराज हसले. इंदूबाईही हसल्या, पण कशाला ते त्यांना कळलं नव्हतं. श्रीधररावांना मात्र अभिमान वाटला. हिचा स्वभावच असा, म्हणाले. इतक्या बदल्या झाल्या, कुठल्या कुठल्या गळक्या खोल्यांत संसार केला, पण अडून बसणं म्हणून हिला माहीत नाही. हिला सगळं चालतं.

“चालतं…” महाराज म्हणाले. “की चालवून घेते?”

मी चहाचे कप मांडले.

“माई, आजवर सगळ्यांचं चालवून घेतलंत. आता चालणं थोडं उरलंय म्हणतात. ते तुम्हाला कुठं चालायचंय?”

इंदूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं.

“तिकडं नको. तिथं उत्तर नाही.”

श्रीधररावांनी तोंड उघडलं. महाराजांनी परडी त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि शेंगा फोडायला सांगितलं. गुरूची आज्ञा. बिचारे एक शेंग हातात घेऊन बसले.

…

चहावर साय धरली. कुणीतरी रस्त्यानं गेलं, महाराजांना नमस्कार करून. महाराज कधीकधी असे बसतात, समोरच्याला घाम फुटेपर्यंत. पण आज त्यांच्या नजरेत तसलं काही नव्हतं. पोर चालायला शिकत असताना आई दोन हात लांब धरून बसते, तसे ते बसले होते.

“गंगेवर,” इंदूबाई म्हणाल्या.

“गंगेवर कुठल्या देवाला?”

“देवाला नाही… नुसतं काठानं. जमेल तेवढं. ह्यांच्या शेजारून.”

“अगं, आपण बरोबरच असतो की,” श्रीधरराव म्हणाले.

“बरोबर असतो. पण तुम्ही पुढं असता.”

तक्रार नव्हती त्यात, एवढं मी शपथेवर सांगेन. नंतर त्या सांगत गेल्या ते पदराच्या टोकाकडं बघत. लग्न झाल्यापासून हे पुढं आणि त्या मागं. स्टँडवर, बाजारात, देवळात. हे पुढं जाऊन जागा धरतात, रांग शोधतात, वळून हाक मारतात, चल, चल. त्यामुळं त्या कधी हरवल्या नाहीत, कधी उभ्यानं प्रवास केला नाही. किती बायकांना असा नवरा मिळतो. ह्यांची पाठ तर इतकी ओळखीची झालीय, की जत्रेतसुद्धा त्या ती लांबून ओळखतील.

मग त्या थांबल्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“देवांचं मुखदर्शन पुष्कळ झालं, महाराज. चालताना ह्यांचं तोंड कसं दिसतं, ते राहिलंय. पाय आहेत तोवर तेवढं बघायचंय.”

मला एकदम भरून आलं, खोटं कशाला बोलू. कप उचलायला म्हणून उठलो, तर कप सगळे भरलेलेच.

श्रीधररावांच्या हातातली शेंग तशीच होती. ते म्हणाले, “मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत, चालेल का. मी म्हटलं, चालेल.”

…

त्यांनी डोळे पुसले. चांगले दोन्ही हातांनी पुसले, चोरून नाही. मग उठले, कोट सारखा केला आणि म्हणाले, “चल मग, ऊन चढायच्या आत.”

आणि सवयीनं झपाझप पुढं निघाले.

त्यांच्या चपला पार अंगणाच्या कडेला, रस्त्याकडं तोंड करून होत्या. कुठंही गेलं तरी ते चपला निघायच्या दिशेनं काढून ठेवतात, निघताना वेळ जाऊ नये म्हणून. इंदूबाईंच्या चपला ओट्याशी, खांबाजवळ.

“थांब,” महाराज म्हणाले.

श्रीधरराव अंगणाच्या मधोमध अनवाणी थांबले. महाराज ओट्यावरून उतरले. मी धावलो तर मला हातानं बाजूला केलं. एकेक पाऊल टाकत ते अंगण ओलांडून गेले, श्रीधररावांच्या शेजारून, आणि कडेला जाऊन वाकले. त्यांनी शिष्याच्या चपला उचलल्या, दोन हातांत दोन, तशा परत घेऊन आले आणि इंदूबाईंच्या चपलांना लावून ठेवल्या. चारी एका रांगेत.

इतकी वर्षं मी त्यांच्यापाशी आहे. ज्यांच्या खडावांना आम्ही डोकं लावतो, त्यांचे हात कुणाच्या चपलेला लागलेले मी कधी पाहिले नव्हते.

“महाराज, हे काय करता…” श्रीधररावांनी हात जोडले. “मला पाप लागेल.”

महाराजांनी हात धोतराला पुसले आणि परत उन्हात जाऊन बसले.

श्रीधरराव मागं आले. आधी खाली बसून त्यांनी इंदूबाईंच्या पायांत चपला सरकवल्या, मग आपल्या घातल्या. कोपराखाली हात दिला. दोघं निघाली.

श्रीधररावांना काही तसं चालता येईना. गंमत बघा, एकट्यानं तिची चाल अख्ख्या पंचवटीत चालून आलेला माणूस, तिच्याबरोबर चालताना त्याचं पाऊल सारखं पुढं पडायचं. पुढं पडलं की जीभ चावून मागं घ्यायचे. इंदूबाई रस्त्याकडं बघतच नव्हत्या. वर मान करून त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. खाली बघ गं, ठेच लागेल, असं ते म्हणाले ते मला ऐकू आलं. इंदूबाईंनी काही ऐकलं नाही.

कोपऱ्याशी पोचायच्या आत श्रीधरराव थबकले. वळले. चेहरा पार उतरला होता.

“महाराज, आणि नवस? एकेका देवाच्या दारात आणीन म्हणालो होतो. हिच्या पायांनी. ते सगळे वाट बघत असतील…”

महाराजांनी परडी जवळ ओढली. एक शेंग घेतली, फोडली.

“देवाला चालेल.”