हेमलताबाईंचं वाहन

स्कूटरवरून पडून मज्जारज्जू दुखावल्यापासून अमरावतीच्या हेमलता गावंडे चाकांच्या खुर्चीतूनच हिंडत. एकदा लॉबीच्या नव्या फरशीवर चाकांचे डाग दिसले आणि सोसायटीचे अध्यक्ष टेंभुर्णे खवळले.

"चाकं आहेत म्हणजे हे वाहनच! वर नंबरप्लेटही नाही! उद्यापासून लॉबीत बंद!"

लॉबी बंद म्हणजे लिफ्ट बंद, म्हणजे बाई घरातच कोंडल्या जाणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "तसं लेखी द्या."

अध्यक्षांनी ऐटीत लिहून सही-शिक्का ठोकला.

"आता माझ्या वाहनाला माझं पार्किंग हवं. तिथली तुमची मोटार काढा."

"अहो, खुर्चीला कसलं पार्किंग?" अध्यक्ष ओरडले.

"खुर्ची ना? मग तेवढंच लिहा याच्याखाली."

टेंभुर्णेंनी एकदा मोटारीकडे पाहिलं आणि मुकाट्याने पुन्हा पेन उघडलं.