फुलोऱ्यानंतरचे बेट

पूर्वी अश्मक देशात भद्रसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने नगराबाहेरच्या बुरूडआळीत जन्म घेतला होता. कळक, म्हणजे जाड बांबू, फोडून त्याच्या कामट्या काढायच्या आणि सुपे, टोपल्या, पाळणे विणायचे, हा त्या आळीचा धंदा. मागच्या टेकडीवर कळकाचे मोठे रान होते. ज्याला जेवढे लागेल तेवढे तो तोडून आणी. उद्याचा विचार करायची कुणाला गरजच पडली नव्हती.

एका वर्षी रानाला फुलोरा आला. कळक माणसाच्या जन्मात एखाद्या वेळीच फुलतो, आणि फुलला की वाळून मरतो. पण मरताना बी इतके टाकतो की खाली पाय ठेवायला जागा उरत नाही. ते कांडले की तांदळासारखा दाणा निघतो. आळीत आनंदीआनंद झाला. विणकाम बाजूला पडले. बायका खराटे घेऊन दाणे गोळा करू लागल्या. घरोघर दोन्ही वेळा भात, आणि उरलेले दाणे देऊन बाजारातून गूळ, तेल, रंगीत लुगडी येऊ लागली.

"असं वर्ष पुन्हा बघायला मिळायचं नाही," शेजारचा गंगिल पोटावरून हात फिरवीत म्हणाला.

"नाहीच मिळायचं," बोधिसत्त्व म्हणाला. "म्हणून तर विचारतो गंगिलदादा, रान मेल्यावर आपण विणायचं काय?"

"तू ना, लग्नाच्या पंगतीत बसून तेराव्याचं बोलणारा माणूस!"

सगळे हसले. बोधिसत्त्वही हसला, आणि घरी येऊन दाणे निवडायला बसला. बरेचसे त्याने खायला ठेवले. एक रांजण भरून त्याचे तोंड शेणामातीने लिंपून टाकले, तो आजारपणासाठी. आणि सगळ्यांत टपोरे दाणे पेरायला वेगळे काढले.

त्याची बायको कुमुदी तेव्हा बाळंतीण होती. मांडीवर रेवा, जेमतेम महिन्याची. ती म्हणाली, "अहो, चांगले दाणे मातीत घालताय. मला दूध यायला पोटात अन्न नको का?"

"तुझ्या ताटातला दाणा काढणार नाही गं. बाजारात गेले असते ते पेरतोय. यंदा लुगडं नाही, एवढंच."

"लुगड्याचं मेलं काय घेऊन बसलात!" कुमुदी म्हणाली. तिला लुगड्याचे दुःख नव्हतेच. तिला भीती वाटत होती, आणि कशाची ते तिचे तिलाच नीट सांगता येत नव्हते.

पुढच्या वर्षी मात्र ते सगळ्यांनाच कळले. दाण्यांच्या लोभाने रानात उंदीर माजले होते. रानातले संपल्यावर ते घरात शिरले आणि कणग्या रित्या करून गेले. टेकडीवरचा कळक वाळून ठिसूळ झाला. फोडायला घ्यावा तर त्याचा नुसता भुगा होई. एकेक कुटुंब बिऱ्हाड आवरून दूरच्या वीटभट्ट्यांवर मजुरीला जाऊ लागले. तिथे आगाऊ धान्य मिळे, पण ते फेडता फेडता जन्म जाई. चालायला लागलेल्या पोराच्या डोक्यावरही तिथे वीट देतात, असे कुमुदीने ऐकले. त्या दिवसापासून रेवाच्या पहिल्या पावलाचा आनंदसुद्धा तिला नीट घेता आला नाही.

बोधिसत्त्वाने घरामागच्या पडीक जागेत रोपे लावली. त्याच्याच आग्रहाने गंगिलनेही शेजारी थोडी लावली. पोटासाठी दोघेही शिंदीच्या पानांच्या चटया विणत. त्यात कसेबसे भागे. तेवढ्यातूनही बोधिसत्त्व दर सुगीला रांजणातले जुने धान्य काढून खाई आणि नवे भरून ठेवी.

पेरणे सोपे होते. अवघड होते ते नंतरचे. पहिल्या वर्षी रोपे म्हणजे नुसते गवत. मग काडीएवढी, मग करंगळीएवढी. गंगिलला दम निघेना. तो दरवर्षी आपल्या काड्या तोडी, त्यांचे पोपटांचे पिंजरे करून विकी आणि सणाला घरात गूळ आणी. कुमुदीच्या घरी सणालाही कण्याच शिजत. ती मात्र कळकाच्या त्या बेटाला शेण घालायची, शेळ्या हाकलायची.

गंगिलची बायको कुंपणावरून म्हणायची, "काय गं कुमुदी, बेटाची पूजाच मांडणार वाटतं? ओवाळायला निरांजन देऊ का?"

"द्या की. तेल घालून द्या म्हणजे झालं," कुमुदी म्हणायची. पण घरात आल्यावर तिचे डोळे भरून यायचे.

पाचव्या वर्षी राजपुत्राचे लग्न निघाले. मांडवाच्या नक्षीला बारीक कळक हवा म्हणून पिंगल नावाचा व्यापारी आळीत आला. नेमकी त्याच आठवड्यात रेवा तापाने फणफणलेली. पोरीच्या बरगड्या हाताला लागत होत्या. बोधिसत्त्व चटया घेऊन बाजारात गेला होता.

"बाई, दोन गाड्या भात देतो," पिंगल म्हणाला. "बेट आहे तसं बुडापासून तोडून नेईन."

दोन गाड्या! कुमुदीच्या डोळ्यांपुढे भाताने भरलेले घर उभे राहिले. ती कशीबशी म्हणाली, "माझे मालक येऊ देत."

"घ्या तुम्ही बोलून. सकाळी माणसं घेऊन येतो." कुंपणापलीकडच्या गंगिलने तर आपल्या काड्यांसाठी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला.

दिवेलागणीला बोधिसत्त्व आला. कुमुदी उंबऱ्यातच म्हणाली, "मला काही ऐकायचं नाही. पोर माझ्या हातून चाललीय आणि तुम्ही गवत राखत बसलाय. उद्या देऊन टाका ते."

बोधिसत्त्व आत गेला. आधी त्याने रांजणाचे तोंड फोडले. अर्धी पायली धान्य वैद्याकडे पोचवून औषध आणले. मऊ पेज करून रेवाला आपल्या हाताने पाजली. पोरीचा डोळा लागल्यावर मग तो म्हणाला, "बेट तुझंही आहे. सकाळी तू सांगशील तेच होईल. पण सांगण्याआधी एक बघून घे."

तो कुदळ आणि उजेडाला पेटती चूड घेऊन मागे गेला. कुंपणापलीकडून गंगिल म्हणाला, "काय खणतोस रे? पुरलेलं सोनं?"

"तुझं एक मूळ काढू का, दादा?"

"काढ बाबा. उद्या जाणारच आहे."

बोधिसत्त्वाने गंगिलचे एक रोप मुळासकट उपटले. खाली लसणाच्या गड्ड्याएवढी गाठ होती. मग आपल्या बेटातले एक रोप तो खणू लागला. खणता खणता त्याला घाम फुटला. आल्याचा मोठा कंद असावा, तसे चारी बाजूंनी फाटे फुटलेले ते मूळ कुमुदीला दोन्ही हातांत मावेना. त्यावर ठिकठिकाणी फुगीर डोळे होते.

"दोन्ही एकाच दिवशी पेरलेली," बोधिसत्त्व म्हणाला. "या प्रत्येक डोळ्यातून पुढच्या पावसात एक कोंब येणार, यंदाच्या काडीपेक्षा जाड. त्या कोंबाच्या बुडाशी पुन्हा नवे डोळे. वर दिसत नाही, पण खाली वाढीलाच वाढ लागत असते. पानं हे मूळ पोसतात. दरवर्षी पानं गेली की मूळ आपलंच साठवलेलं खाऊन उगवतं आणि होतं तेवढंच राहतं."

गंगिल आपल्या गड्ड्याकडे बघत राहिला.

"आणि राखलं, अन् कीड पडली तर?" कुमुदीने विचारले.

"पडू शकते. म्हणून तर चटया सोडल्या नाहीत."

"आणि रेवाचा ताप नाही उतरला तर?"

"महिनाभर पुरेल एवढं रांजणात आहे. तेही संपलं तर मीच कोयता घेईन, तुला सांगावं लागणार नाही. बेटापेक्षा पोर मोठी. पण गरज रांजणाने भागते आहे. मग नुसत्या भीतीपोटी बेट तोडायचं का, ते तू ठरव."

कुमुदी ते मूळ मांडीवर घेऊन बसून राहिली.

सकाळी पिंगलची माणसे कोयते घेऊन आली. पाहतात तो बेटाच्या तोंडाशी कुमुदी, कडेवर रेवा.

"बेट विकायचं नाही," ती म्हणाली.

"तिसरी गाडी देतो."

"नको."

"अहो बाई, पोरीच्या तोंडाकडे तरी बघा!"

"तिच्याकडे बघूनच सांगतेय. चार वर्षांनी या, शेठ. चांगला जाड कळक देईन."

"चार वर्षं लग्नाचा मुहूर्त थांबेल का?"

"लग्नाला नाही, पण त्यांच्या पोराच्या पाळण्याला तर लागेल!"

पिंगलची माणसेच हसू लागली. तरीही त्यांतला एक जण पुढे सरकला. कुमुदी जागची हलली नाही. शेवटी पिंगलने हात वर केला, आणि ती सगळी कुंपणापलीकडे गंगिलच्या वाफ्यात शिरली. तिथल्या काड्या जेमतेम एका गाडीच्या भरल्या, म्हणून गंगिलला भातही तेवढाच मिळाला.

रांजणात धान्य होते तोवरच रेवाचा ताप उतरला. कुमुदीने उरलेल्या धान्यावर पुन्हा शेणमाती लिंपली, या वेळी न सांगता.

चार पावसाळे गेले. बेटातून मनगटाएवढे, मग दंडाएवढे कोंब सरसरून वर आले. बोधिसत्त्व आणि कुमुदी फक्त जुने कळक तोडत; त्या वर्षीच्या कोंबाला कोयता लावायचा नाही, हा नियम. तरी सगळ्या आळीला पुरून उरेल एवढा कळक निघू लागला. ते ऐकून वीटभट्टीवरची काही कुटुंबे फेड करून परत आली.

गंगिलचे बेट मात्र शेळ्यांनी संपवले होते. एके दिवशी तो भट्टीच्या वाटेला लागायला निघाला, डोक्यावर गाठोडे. कुमुदीने त्याला वेशीपाशी गाठले आणि मातीसकट एक मोठे मूळ त्याच्या पायांपाशी ठेवले.

"भावजी, हे लावा. तोवर आमच्या बेटातला कळक घ्या, टोपल्या विणा."

गंगिल म्हणाला, "वहिनी, मी तुम्हाला हसलो होतो."

"हसा की अजून. पण हे लवकर तोडलंत तर रेवाला सांगीन. ती माझ्यासारखी रडत बसणारी नाही."

गंगिलने गाठोडे खाली ठेवले आणि मूळ उचलून घेतले.

श्रावस्तीच्या विहारात ही कथा सांगून झाल्यावर शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा गंगिल म्हणजे तुमच्यातला भिक्षू सुगुत्त, जो दर पावसाळ्यात ध्यानाला बसतो आणि फळ दिसत नाही म्हणून उठतो. पिंगल तो आज विहाराला धान्य पोचवणारा उपासक. कुमुदी ती राहुलमाता, या जन्मातली माझी पत्नी. आणि तो बुरूड मीच होतो. त्या जन्मी मी अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाचा परिपूर्ण गुण, जोपासली. विचार करून धरलेली गोष्ट फळ येईपर्यंत न सोडणे, आणि घरातल्या माणसाची भीती समजून घेऊन त्यालाही त्या निश्चयात सोबत घेणे, हेच अधिष्ठान."

सुगुत्त भिक्षू उठला, शास्त्यांना वंदन करून झाडाखाली गेला आणि पुन्हा आसन घालून बसला.