येसबा आणि तंबोऱ्याची दांडी

कुठल्याशा एका गावात येसबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? कुणी म्हणालं, "जरा बस इथं, मी आलोच," आणि म्हणणारा घरी जाऊन जेवून झोपला, तरी येसबा आपला तिथंच बसलेला. कामाला मात्र वाघ. आणि सांगितलेलं कधी विसरायचा नाही. सगळा घोटाळा तिथंच होता.

त्याच गावात तातोबा सुतार तंबोरे करायचा. गाव त्याला मामा म्हणायचं आणि त्याच्या बायकोला मामी. येसबा मामांच्या हाताखाली होता. मामांच्या लेकीवर, चंद्रावर, त्याचा जीव होता. चंद्राचाही त्याच्यावर होता. का होता ते विचारू नका. तुमच्या घरी विचारा, तिथं तरी कुठं उत्तर मिळतंय. मामांना मात्र सोनगावचं एक स्थळ पसंत होतं.

एके दिवशी केरूबुवा भजनी आपला जुना तंबोरा घेऊन आले. बुवांनी शहरात कुठंतरी ऑर्केस्ट्रात गिटार पाहिली होती.

"तातोबा, त्या गिटारीची मान काय चकाकत होती म्हणून सांगू. आरसाच. माझ्या तंबोऱ्याची दांडी तशी करून दे. उत्सवात लोकांचे डोळे दिपले पाहिजेत."

"आणि कान?"

"कानांचं मी बघतो, तू डोळ्यांचं बघ."

दांडीवर जुनं लाखेचं पॉलिश होतं. मामांनी येसबाला हाक मारली.

"हे बघ. या दांडीवर नवं व्हार्निश चढवायचं. नीट केलंस तर चंद्रा तुझी. बिघडवलंस तर सोनगावला निरोप गेलाच म्हणून समज."

येसबानं डबा उघडला, ब्रश बुडवला आणि गुळगुळीत लाखेवर व्हार्निश फासून मोकळा झाला. वाळल्यावर मामांनी सहज नख लावलं, तर सापाची कात निघावी तसं सगळं व्हार्निश सोलून हातात आलं.

"अरे शहाण्या, गुळगुळीत लाखेला नवं धरेल कसं? नवं चढवायच्या आधी जुनं पॉलिश पेपरनं घासून, चकाकी घालवून, मंद करायचं."

"आता पक्कं बसलं डोक्यात, मामा."

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. मारुतीला नवा शेंदूर चढवायचा मान मामांच्या घराकडे. मामांचा गुडघा धरला होता, म्हणून त्यांनी येसबाला पाठवलं. येसबा शेंदूर घेऊन निघाला, तेल घेऊन निघाला आणि पॉलिश पेपर घेऊन निघाला.

गुरवअण्णा देवळात आले तेव्हा येसबा मारुतीचं पोट खसाखसा घासत होता. शेपूट घासून झालं होतं. गदा झाली होती.

"काय चालवलंयस रे हे?"

"देवाला मंद करतोय, अण्णा. त्याशिवाय नवं धरत नाही."

गुरवअण्णांनी कपाळाला हात लावला. "अरे, आजापणजांपासून चढलेला शेंदूर तो. इथं जुन्याला धक्का लावायचा नाही. आहे त्याच्यावरच चढवायचं, सढळ हातानं."

"आता पक्कं बसलं डोक्यात, अण्णा."

मामांच्या घरी आला तर केरूबुवा दांडीची चौकशी करायला आलेले, आणि मामींनी त्यांना जेवायला थांबवून घेतलेलं. मामी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "येसबा, मोरीपाशी ताटं आहेत बघ. तेवढी घे आणि वाढ बुवांना."

मोरीपाशी सकाळची खरकटी ताटं होती. येसबा त्यांच्याकडे बघत उभा राहिला. वांग्याचा देठ होता, भाताची शितं होती, एकात माशी होती. त्याला अण्णा आठवले. त्यानं कशालाच धक्का लावला नाही. आहे त्याच्यावरच पिठलं वाढलं, सढळ हातानं.

बुवांनी दुसऱ्या घासाला देठ काढला. तिसऱ्याला माशी काढली. मग उठले आणि हात न धुताच निघाले.

मामींनी लाटणं उचललं, पण चंद्रा मध्ये आली. मग नुसत्या तोंडानंच म्हणाल्या, "अरे बैला, आधी पाण्यानं खळखळून धुवायचं असतं रे. चांगलं घासूनपुसून, आत-बाहेर."

"आता पक्कं बसलं डोक्यात, मामी."

चंद्रा हळूच म्हणाली, "येसबा, माझं ऐक. आज आता काही करू नकोस."

पण येसबाला दांडीची काळजी. तो तंबोरा घेऊन विहिरीवर गेला आणि त्यानं तो खळखळून धुतला. आत-बाहेर. भोपळ्यात पाणी भरून बाळाला हलवतात तसा हलवला. उन्हात ठेवला. संध्याकाळी बघतो तर दांडीवरची लाख पांढरीफटक. कुणी ताक ओतलंय असं वाटावं.

मामा बघून खालीच बसले. "लाखेला पाणी लावलंस? आता सोनगावला निरोप..."

"बाबा," चंद्रा म्हणाली, "दांडी अजून तुटलेली नाही. सांगून तर बघा एकदा. पण दांडीपाशी उभं राहून सांगा, आणि तो करेपर्यंत हलू नका."

मामांनी सुस्कारा टाकला आणि दांडीपाशी उभे राहिले. "स्पिरिटचं फडकं घे. अलगद फिरव. पांढरं जाईल. गेलं? वाळू दे. आता पेपर घे, हळू मंद कर. पूस. आता व्हार्निश. पातळ, अजून पातळ. हं. आता दोर बांधून तुळईला टांग. वाळेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. ओल्यावर कचरा बसला की मेहनत पाण्यात. पुन्हा घासावं लागतं."

सांगितलेलं काम आणि करायचं काम त्या दिवशी एकच निघालं, म्हणून येसबाचं काहीसुद्धा चुकलं नाही. दांडी अशी झाली की केरूबुवांनी तिच्यात बघून मिशीला पीळ दिला. पिठल्याचंही विसरले. मामा शब्दाचे पक्के. लग्न ठरलं.

लग्नाच्या सकाळी बायकांनी येसबाला पाटावर बसवून हळद लावली. तोंडाला, हातांना, पायांना. मामी न्हायला पाणी काढायला गेल्या. पाणी काढून आल्या तर पाट रिकामा.

मांडवात नवरी उभी राहिली. अंतरपाट धरला. भटजींनी घसा साफ केला. नवरदेव नाही. गोठ्यात नाही, देवळात नाही, विहिरीवर नाही. सोनगावचे पाहुणे जेवायला आले होते, ते आपापसात हसायला लागले. मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

शेवटी चंद्राच म्हणाली, "कारखान्यात बघा."

सगळी वरात मामांच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात गेली. तुळईला दोर होता. दोर येसबाच्या दोन्ही काखांतून गेला होता. येसबा अधांतरी लोंबत होता, पिवळाधमक, हात पसरून, बोटं फाकून.

"मामा, पुढं येऊ नका," तो म्हणाला. "ओला आहे."

"अरे उतर. मुहूर्त टळतोय."

"वाळल्याशिवाय कसा उतरू? तुम्हीच सांगितलंत."

मामांनी भटजींकडे बघितलं. भटजींनी घड्याळाकडे बघितलं. चंद्रानं कुणाकडे बघितलं नाही. तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, हार घेऊन वर चढली आणि अंतरपाट वर धरायला सांगितला. भटजींनी मान वर करून मंगलाष्टकं म्हटली. हार पडला. लोकांनी नेम धरून अक्षता टाकल्या. वाजंत्री वाजली. मामांनी डोळे पुसले.

"झालं बाबा लग्न. आता तरी खाली ये."

येसबानं मान खाली घालून स्वतःकडे बघितलं. हातांवर, छातीवर, नाकावर, जिथं जिथं ओली हळद होती तिथं तिथं तांदूळ चिकटले होते. त्याचा चेहरा पडला.

"बघा मामा, ओल्यावर कचरा बसलाच," तो म्हणाला. "चंद्रा, आण तो पॉलिश पेपर."