रोज एक रांजण

"रिकामा!" रणधीरराजे रांजणात डोकं घालून ओरडले. रांजणानेही तेवढ्याच जोरात "रिकामा!" म्हणून त्यांची री ओढली.

अगदीच रिकामा नव्हता म्हणा. तळाशी चार-दोन नाणी होती आणि एक पाल होती. पालीने जकात भरलेली नव्हती.

हा रांजण होता कातळडोंगराच्या बोगद्याच्या तोंडाशी. डोंगर पोखरायचा, घाटाची चढण वाचवायची आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीकडून जकात घ्यायची, ही अक्कल दिवाण त्र्यंबकपंतांची. पंत स्वतः एक दिवस पायथ्याशी जाऊन गाड्या मोजून आले होते. "महाराज, काय सांगू! जिकडे बघावं तिकडे गाड्याच गाड्या! रोज एक रांजण भरेल!" झालं! राजांनी खजिना उपसला, सावकारांकडून कर्ज काढलं, राणीसाहेबांच्या पाटल्यासुद्धा मोडल्या. बोगदा तयार झाला, ढोल-ताशे वाजले, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी व्यापारी आपले बैल घेऊन पूर्वीसारखेच घाट चढू लागले. घाट देवीचा, बैल आपले, मग पैसे कशाला मोजायचे?

"पंतांनी गाड्या डोळ्यांनी पाहिल्यात!" राजे नाकेदार सिदोजीवर गरजले. "मग पैसे गेले कुठे? तूच खाल्लेस!"

सिदोजीने हात जोडले. "देवीशपथ महाराज, एक दमडी घेतली नाही. गाड्याच येत नाहीत हो!"

"म्हणजे आमचा हिशेब चुकला?" पंतांनी उपरणं झटकलं.

"बास!" राजे म्हणाले. "चैत्री पुनवेला संध्याकाळी मी येईन. रांजण काठोकाठ भरलेला पाहिजे. जकात कमी करायची नाही, घाट अडवायचा नाही, कुणावर जबरदस्ती करायची नाही. नाही भरला, तर बेड्या ठोकून तुला याच बोगद्यात डांबीन. निदान कुणीतरी तो वापरेल!"

सिदोजी घरी आला तो कपाळाला हात लावूनच. त्याची लेक म्हाळसा जात्यावर बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आबा, पंतांनी गाड्या मोजल्या तो दिवस कोणता?"

"यात्रेचा. चैत्री पुनवेचाच. पालखीत बसून, पडदा जरासा सारून मोजत होते."

म्हाळसा पोट धरधरून हसली. "मग भरला म्हणून समजा रांजण!"

"इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुला दात काढायला सुचतंय?"

"तुम्ही बोगदा तेवढा झाडून घ्या, आबा. आणि आत जागोजागी पाण्याच्या डोण्या भरून ठेवा."

पोरीचं डोकं फिरलं, असंच सिदोजीला वाटलं. पण दुसरं सुचत तरी काय होतं? मुकाट्याने त्याने बोगदा झाडला.

पुनव उजाडली. घाटमाथ्यावरच्या कातळजाईला अनवाणी चढून जायचं आणि बैलगाड्या पायथ्याशीच सोडायच्या, ही तिथली पूर्वापार रीत. पायथ्याला झाड म्हणून नाही! माणसं वर देवीपाशी आणि बैल दिवसभर खाली उन्हात भाजत, असं दरसाल व्हायचं.

म्हाळसा बोगद्याच्या तोंडाशी उभी राहिली. "या दादा! गाडी आत घ्या, बैल सावलीत बांधा! आत गारवा आहे, पाणी आहे. जकात आपली नेहमीचीच!"

"अगं बाई, पण आम्हाला पलीकडे जायचंच नाही!" पहिला गाडीवान म्हणाला.

"मग नका जाऊ! जा म्हणतंय कोण?"

त्याने तोंडाला फेस आलेल्या आपल्या बैलाकडे बघितलं, चंची सोडली आणि रांजणात नाणं टाकलं. त्याचं बघून मागच्याने टाकलं. मग काय, रीघच लागली! दुपारपर्यंत बोगदा या तोंडापासून त्या तोंडापर्यंत गाड्यांनी गच्च भरला. नाण्यांचा खणखणाट ऐकून सिदोजीच्या जिवात जीव आला, आणि पोरीकडे बघता बघता त्याचे डोळे भरून आले.

संध्याकाळी राजे आले. रांजण काठोकाठ!

"मी म्हणत नव्हतो?" पंतांची छाती फुगली.

राजांनी बोगद्यात डोकावून पाहिलं. बैल निवांत रवंथ करत होते. "अरे, हे चालत का नाहीत? मी डोंगर ओलांडायला बोगदा बांधलाय, गोठा नव्हे!"

"महाराज, पंतांनी मोजल्या होत्या त्याच या गाड्या," म्हाळसा म्हणाली. "त्या दिवशीही त्या उभ्याच होत्या! हलत होती ती पंतांची पालखी!"

पंत उपरण्याचा काठ निरखू लागले.

"आणि वर्षाचे बाकीचे दिवस?" राजांनी दरडावून विचारलं. "तेव्हा हा रांजण कोण भरणार?"

"बाकीच्या दिवशी पंत मोजायला आलेच नव्हते, महाराज!"

मेलो आता, म्हणून सिदोजीने डोळे गच्च मिटून घेतले. तेवढ्यात राजे असे खो खो हसले, की बोगदा दणाणला आणि आतल्या बैलांनी कान टवकारले.

"सिदोजी, डोळे उघड! बेड्या-बिड्या काही नाहीत!" राजे डोळे पुसत म्हणाले. "पोरी, हा रांजण तुझा! एवढं कर्ज डोक्यावर आहेच, त्यात एका रांजणाने काय बिघडतंय! आणि पंतांना उद्यापासून या नाक्यावर बसवा. वर्षभर रोज मोजू देत काय येतं-जातं ते. पालसुद्धा सोडायची नाही म्हणावं!"